दुसऱ्या रेषेच्या वर

१९ जानेवारी, सोमवार

ग्लेनला, आमच्या जनरल मॅनेजरला, काल हृदयात स्टेंट घातला. शनिवारी संघाचा सराव बघता बघता त्याच्या छातीत कळ आली आणि तो बाकावर बसला तो उठेचना. आता ठीक आहे. डॉक्टरांनी महिनाभर घरी राहायला सांगितलंय.

दुपारी हॅव्हरकँप साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, वर बोलावलं. म्हणाले, "पाच फेब्रुवारीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. ग्लेन नाही, तोवर जनरल मॅनेजरचं काम तू बघायचंस. त्यानेच तुझं नाव सुचवलंय."

अकरा वर्षं मी पायलट्स या बास्केटबॉल संघाच्या कचेरीत आहे. पगाराचे आकडे मांडायचे, नियम बघायचे, कोणता सौदा बसतो आणि कोणता नाही ते सांगायचं, एवढंच माझं काम. खेळाडूंशी बोलतो तो ग्लेन. मला रोज भेटतात ती त्यांची नावं आणि पगार. तरी ग्लेनने माझं नाव सुचवलं याचा आनंद लपवता येत नाही, निदान इथे तरी लपवणार नाही.

आईला पाइकव्हिलला फोन केला. ती म्हणाली, "बरं वेळेवर दुखणं आलं ग तुझ्या साहेबाला."

"आई, माणूस मरता मरता वाचलाय."

"मी कुठे म्हणते नाही वाचला? वेळेवर आलं, एवढंच म्हणते."

आई असंच बोलते. आयुष्यभर खाणवाल्यांच्या मुकादमांशी भांडून तिला कुणाचंच खरं वाटेनासं झालंय.

२१ जानेवारी

परिस्थिती इथे मांडून ठेवते, म्हणजे डोकं रिकामं होईल.

लीगने पगाराच्या खर्चावर दोन रेषा आखल्यात. पहिली ओलांडली की दंडासारखा कर भरावा लागतो, आणि तो श्रीमंत मालक भरतात. दुसरी ओलांडली की हातपाय बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणता येत नाही. जेवढ्या पगाराचा माणूस पाठवाल त्याहून एक डॉलरही जास्त पगाराचा घेता येत नाही. आणि हंगाम संपताना त्या रेषेच्या वर सापडलात, तर पुढे काही वर्षांनंतरचा नव्या मुलांच्या निवडीतला आपला पहिला हक्क गोठतो.

आम्ही दुसऱ्या रेषेच्या अठ्ठावीस लाख डॉलर वर आहोत. संघ पाचवा आहे. लांबून बास्केट करणारा कुणी मिळाला तर तिसरा होऊ शकतो. न मिळाला तर आठवा.

२२ जानेवारी

सिएटलच्या मॅनेजरचा, रोझलिन बेकचा, फोन. ती माझ्यासारखीच आकड्यांतून वर आलेली, त्यामुळे हवापाण्याच्या गप्पा नाहीत. "टोबायस केन देते. पगार दोन कोटी दहा लाख. बोल, काय देतेस?"

केन म्हणजे अगदी आम्हाला हवा तोच, लांबून बास्केट करणारा.

संध्याकाळपर्यंत सगळी यादी पालथी घातली. कुणाचाही पगार कुणात मिसळता येत नाही, म्हणजे एकाच खेळाडूचा पगार केनच्या बरोबरीचा किंवा थोडा जास्त हवा. असे दोघेच. एक आमचा सगळ्यात मोठा खेळाडू, त्याला पाठवून केन आणणं म्हणजे घर विकून पडदे घेणं. दुसरा लीमन प्रुइट, दोन कोटी चाळीस लाख. तो गेला आणि केन आला, तर तीस लाख वाचतात आणि आम्ही दुसऱ्या रेषेच्या खाली येतो. एका दगडात दोन्ही.

प्रुइट चौतीस वर्षांचा आहे. या शहरात आठ वर्षं. गुडघे झिजलेत, पण रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून परत आलेला चेंडू, अजून कुणाच्या बापाला देत नाही. मेन स्ट्रीटवरच्या न्हाव्याच्या दुकानात पाद्रीबाबांच्या फोटोशेजारी त्याचा फोटो आहे.

शिवाय त्याचा करार एकाच वर्षाचा. अशा खेळाडूला त्याच्या मर्जीविरुद्ध पाठवता येत नाही, त्याची संमती लागते. कारण त्याला पुढच्या वर्षी रेषा ओलांडूनही पुन्हा करारबद्ध करण्याची सूट फक्त जुन्या संघाला असते, आणि संघ बदलला की ती सूट संपते. नव्या संघाकडे जागा उरली नाही तर तो पुढच्या उन्हाळ्यात तुटपुंज्या पगारावर येईल.

रोझलिनला म्हटलं, दोन दिवस दे.

२४ जानेवारी, शनिवार

ग्लेनला भेटायला गेले. मला वाटलं अंथरुणात असेल. तर हा गडी मागच्या अंगणातून लाकडांची मोळी उचलून आणत होता! चेहरा टवटवीत. इतक्या लवकर माणूस सुधारतो हे बघून बरं वाटलं.

सिएटलचं सांगितलं. ऐकताना तो शेकोटीत लाकडं रचत होता. "आकडे काय म्हणतात?"

"आकडे प्रुइट म्हणतात."

"मग झालं."

"पण तुमचा आणि त्याचा इतक्या वर्षांचा—"

"नोरीन, निर्णय तुझा. मी मध्ये पडलो तर तुझ्या निर्णयाला वजन राहणार नाही. माझं नावही घेऊ नकोस. मालकांशीसुद्धा थेट तूच बोल."

अकरा वर्षांत कुणी माझ्यावर इतका भरवसा टाकला नव्हता. मी आभार मानले. त्याने ते थोडं घाईनेच उडवून लावले. मध्ये तीनदा त्याचा फोन वाजला, तीनदा तो आतल्या खोलीत जाऊन बोलून आला. दुखण्यात विचारपूस करणारे खूप असतात.

निघताना म्हणाला, "लीमनशी बोलायला जाऊ नकोस हं. त्याच्या एजंटला फोन कर, काम संपव."

२७ जानेवारी

खाली सरावाला गेले. पाठवायच्या माणसाला एकदा नीट बघावं म्हणून, खरं सांगायचं तर. प्रुइट दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधून बसला होता.

"मिस नोरीन! तुम्ही आणि खाली? वर लिफ्ट बिघडली, की आमचे भाव बघायला आलात?"

मी म्हटलं, "कॉफी संपली वरची."

"खालची पिऊ नका. कोच करतो. त्यानेच माझे गुडघे गेलेत."

सगळे हसले. मीही हसले, पण उशिरा.

कोच अबर्नथीला बाजूला घेऊन विचारलं, केन हवा का? तो म्हणाला, "हवा. काल हवा होता."

"प्रुइटच्या बदल्यात?"

त्याने पायाशी आलेला चेंडू उचलून बाकाखाली ठेवला. "त्याच्या धाकट्या पोरीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा होतो. खेळाचं विचारशील तर हो. त्याला सांगायला मला मात्र सांगू नकोस."

२९ जानेवारी

सॅन डिएगोचा प्रस्ताव आला. प्रुइटला ते नुसतेच घेणार, बदल्यात खेळाडू नाही, फक्त पुढल्या निवडीतला एक दुय्यम हक्क. कर मोठा वाचतो. हॅव्हरकँप साहेबांचे डोळे चमकले.

"साहेब, यात आपल्याला कुणीच मिळत नाही."

"पैसे मिळतात की."

"पैसे रिबाउंड घेत नाहीत."

हे मी बोलले? बोलले. ते हसले, कागद बाजूला सारून म्हणाले, "बरं, सिएटल तर सिएटल. पण तुला खात्री आहे ना? ग्लेन म्हणत होता, तू या सौद्यासाठी फार आग्रही आहेस."

मी म्हटलं, आग्रह आकड्यांचा आहे. नंतर लिफ्टमध्ये मनात आलं की ग्लेन तर म्हणाला होता, मालकांशी थेट तू बोल. तब्येत विचारायला साहेबांनी फोन केला असेल, त्यात विषय निघाला असेल.

तीन संघांची अदलाबदल करून प्रुइटला वाचवता येतं का, तेही मांडून पाहिलं. दोन छोटे करार वेगवेगळे बाहेर काढले की रेषेच्या खाली येतो, पण केन येत नाही. मुदतीपर्यंत दोन्ही साधायला एकच रस्ता आहे. मला तो आवडत नाही, हेही लिहून ठेवते.

३१ जानेवारी

सकाळच्या रेडिओवर सगळं फुटलं. निवेदक म्हणाला, "क्लबमधल्या खात्रीच्या माणसाकडून कळतं की प्रुइटला विकायची कल्पना सहायक मॅनेजर नोरीन टॅकेट यांची. ग्लेन व्हिटलॉक आजारी आहेत, त्यांचा याला पहिल्यापासून विरोध. ते असते तर हे झालं नसतं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ग्लेनचा विरोध? मग त्या दिवशी बोलला का नाही? माझ्या निर्णयाला वजन राहावं म्हणून गप्प राहिला असेल. बिचारा मनातल्या मनात कुढत असणार, आणि हृदयाच्या माणसाला ते बरं नाही. लगेच फोन केला.

"रेडिओचं मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. "असल्या गोष्टी फुटतातच. तू खंबीर राहा."

वाणसामान आणायला गेले तर अंड्यांच्या फळीपाशी एका आजोबांनी अडवलं. "तूच ना ग ती? प्रुइटला विकणारी?"

"अजून काही ठरलं नाही."

"माझा नातू त्याच्यामुळे बास्केटबॉल खेळतो. तू कधी खेळली आहेस का?"

"नाही."

"तेच," म्हणाले, आणि माझ्या ढकलगाडीतली अंडी नीट उभी करून ठेवून निघून गेले.

आईचा फोन: "तिकडे रेडिओवर तुझं नाव घेतलं म्हणे. साहेबाचं काय घेतलं?"

"तो आजारी आहे, आई."

"हो का," म्हणाली. पुढे बोलली नाही. आईने न बोलणं हे फार वाईट लक्षण.

२ फेब्रुवारी, सोमवार

ग्लेन एजंटला फोन कर म्हणाला होता. ते मला जमेना. माणसाचं घरदार उठवायचं आणि त्याला तिसऱ्याकडून कळवायचं? रेडिओवर त्याने ऐकलंच आहे, निदान खरं तरी माझ्या तोंडून ऐकू दे. सकाळी सरळ त्याच्या घरी गेले.

दार त्याच्या बायकोने, शरीसने, उघडलं. मला बघून ती बाजूला झाली, 'या' म्हणाली नाही. लीमन स्वयंपाकघरात बिस्किटांवर, म्हणजे घरी भाजलेल्या मऊ पावांवर, ग्रेव्ही ओतून घेत होता. "बसा, मिस नोरीन. खाल्लंय का?"

"खाऊन आले."

"खोटं. कचेरीतले लोक सकाळी खात नाहीत." त्याने एक बशी माझ्यासमोर सरकवली.

मी सगळं सांगितलं. सिएटल, केन, दुसरी रेषा. मग म्हटलं, "तुझ्या संमतीशिवाय हे होत नाही. तू नाही म्हणालास तर विषय संपला, कुणी तुझं काही करू शकत नाही. आणि हो म्हणालास तर तुझं काय जातं तेही ऐक. पुढच्या वर्षी रेषा ओलांडून तुला करार द्यायची सूट आम्हाला आहे, सिएटलला नसेल. पुढच्या उन्हाळ्यात तुला कदाचित आजच्या निम्मेही मिळणार नाहीत."

"हे तुम्ही मला का सांगता? तुम्हाला माझा होकार हवाय ना?"

"हवाय. पण माहिती नसताना घेतलेला नकोय."

तो खुर्चीत मागे रेलला. "उन्हाळ्यात ग्लेन इथेच बसला होता, तुम्ही बसलात तिथे. म्हणाला, लीमन, या वेळी एकाच वर्षाचा करार कर, संघाला जरा मोकळीक दे. पुढच्या उन्हाळ्यात तीन वर्षांचा देतो. मी आहे तोवर तू इथून हलणार नाहीस. हातात हात देऊन म्हणाला."

मला काहीच कळेना. "तीन वर्षांचा? पण पुढच्या वर्षाच्या आकड्यांत तू नाहीसच."

"नाही म्हणजे?"

"मीच मांडलेत ते आकडे. ऑगस्टपासून तुझी जागा रिकामी धरलीये. ग्लेनने तसं करायला सांगितलं होतं. मला वाटलं, तुमचं बोलणं झालंय."

शरीसच्या हातातलं फडकं थांबलं. लीमनने आपली बशी बाजूला सारली. त्याने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ऑगस्ट," तो म्हणाला.

"कदाचित त्याचा बेत नंतर बदलला असेल आणि सांगायचं राहिलं असेल. त्याच्या डोक्यात इतक्या गोष्टी—"

"मिस नोरीन, तुम्हाला आज इथे त्याने पाठवलं?"

"नाही. तो म्हणाला एजंटशी बोल. मीच आले."

"आणि रेडिओवर तुमचं नाव कुणी दिलं?"

"माहीत नाही."

त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने त्याच्याकडे. शरीस एकदम म्हणाली, "कॉफी घेणार ना तुम्ही?" आणि दार उघडल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज माणसाशी बोलल्यासारखा होता. का, ते कळलं नाही.

पोरींची शाळा जूनपर्यंत इथेच राहील, तो एकटा जाईल, असं दोघांचं माझ्यासमोरच बोलणं झालं. मी निघताना त्याने दारापर्यंत येऊन माझा कोट धरला. "उद्या सांगतो. तोवर कुणाशी बोलू नका. ग्लेनशीसुद्धा."

३ फेब्रुवारी

सरावानंतर प्रुइटने मला न विचारता, एजंटलाही न सांगता पत्रकारांना थांबवून घेतलं. मी वरच्या काचेतून बघत होते, आवाज भिंतीवरच्या टीव्हीवर येत होता.

"ऐका," तो म्हणाला. "सिएटलला जायचंय ते मला. मी मागितलंय. माझे गुडघे किती दिवस टिकतील माहीत नाही, मला जिंकणाऱ्या संघात खेळायचंय. मिस टॅकेटनी मला थांबवायचा फार प्रयत्न केला. माझ्या स्वयंपाकघरात बसून, जाऊ नकोस, तुझं नुकसान होईल, म्हणून समजावत होत्या. त्यांना कुणी काही बोललात तर मला बोललात असं समजेन."

एकाने विचारलं, "मग रेडिओवरची बातमी?"

"ज्याने दिली त्याला विचारा. तो घरीच असेल."

सगळे हसले. मला विनोद समजला नाही.

यातलं निम्मं खोटं आहे. मी जाऊ नको म्हटलं नव्हतं, त्याने मागितलं नव्हतं. खाली जाऊन त्याला गाठलं. "लीमन, हे खरं नाही."

"नुकसान होईल म्हणालात की नाही?"

"म्हणाले, पण—"

"मग झालं. सही कुठे करायची ती सांगा."

मला वाटतं त्याला टाकून दिलेला माणूस म्हणून इथून जायचं नसावं. खेळाडूंना मान फार प्यारा असतो. माझी त्याला हरकत नाही, पण माझं नाव त्यात घ्यायची गरज नव्हती.

४ फेब्रुवारी

कागद लीगकडे गेले, मंजूर झाले. आम्ही रेषेच्या खाली.

ग्लेनला कळवायला फोन केला. मला वाटलं, खूश होईल.

"त्याने स्वतः मागितलं असं म्हणाला?"

"हो."

"आणि तू थांबवत होतीस?"

"हो, तसं म्हणाला. मी त्याला काही शिकवलं नव्हतं."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तू त्याच्या घरी गेली होतीस? काय काय बोलणं झालं?"

मी सगळं सांगितलं. ऑगस्टच्या आकड्यांचंही. म्हटलं, "तुमच्याकडून त्याला सांगायचं राहून गेलं होतं, ते माझ्या तोंडून निघालं. चुकलं असेल तर माफ करा."

त्याने फोन ठेवला. दुखण्यात माणूस लवकर थकतो.

७ फेब्रुवारी

मुदत संपून दोन दिवस झाले. झोपले. कपडे धुतले. आईने सांगितल्याप्रमाणे घेवडा शिजवला आणि तळाला लागला.

१२ फेब्रुवारी

केनचा पहिला घरचा सामना. लोक कसे वागतील याची धास्ती होती. लोकांनी आधी प्रुइटच्या नावाने जयघोष केला, उभं राहून, आणि मग केनने पहिला लांबचा बास्केट टाकला तेव्हा त्याच्याही नावाने केला. जिंकलो. दुसऱ्या अर्ध्यात आमच्याकडून रिबाउंड कुणीही उठून नेत होतं, ते सगळ्यांना दिसलं. अबर्नथी माझ्याजवळून जाताना म्हणाला, "खेळाचं विचारशील तर बरोबर होतं," आणि पुढे गेला.

१९ फेब्रुवारी

ग्लेन कामावर आला. माझ्याशी फार सभ्यपणे बोलतो. पूर्वी नुसतं 'नोरीन' म्हणून हाक मारायचा, आता 'प्लीज' म्हणतो.

हॅव्हरकँप साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की पायलट्सच्या इतिहासात इतक्या मोठ्या खेळाडूला इतक्या कमी शिव्या खाऊन कुणी पाठवलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेननेही वाजवल्या, कुणी बघत होतं तोवर.

२२ फेब्रुवारी, रविवार

लीमनचा सिएटलहून फोन. मागे पावसाचा आवाज. तिथे बास्केटखाली खेळणारे सगळे पोरसवदा आहेत, रात्रभर व्हिडिओ गेम खेळतात आणि सकाळी त्याला 'काका' म्हणतात, ही तक्रार आधी ऐकवली. मग म्हणाला, "खरं विचारायचं ते राहिलंच. नोकरी आहे ना अजून?"

"आहे की. का नसेल?"

तो इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला.

"मिस नोरीन, एक सांगा. मी त्या दिवशी काही बोललो नसतो, तर आज शहर कुणाच्या नावाने बोटं मोडत असतं?"

"माझ्या."

"आणि मग मालकांनी कुणाला काढलं असतं?"

मी खुर्ची ओढून बसले.

"आणि परत येऊन सगळं सावरणारा भला माणूस कोण ठरला असता? बघा, तुम्ही आकड्यांत हुशार आहात. हाही तसलाच हिशेब आहे." मग एकदम आवाज बदलून म्हणाला, "शरीस म्हणते पोरींना घेऊन येताना बिस्किटांचं पीठ आणेन. इथलं पीठ भिकार आहे."

फोन संपल्यावर ऑगस्टमधली ती दुपार आठवली. 'लीमनची जागा रिकामी धर,' एवढंच म्हणून ग्लेन जेवायला गेला होता. मी धरली होती. काही विचारलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

सकाळी ग्लेनने बोलावलं. दुखापत झालेल्या एका खेळाडूला मोकळं करायचंय. तीन वर्षं आमच्याकडे होता, त्याची आई दर घरच्या सामन्याला येते.

"तू सांग त्याला," ग्लेन म्हणाला. "तुझं लोकांशी चांगलं जमतं, आता सगळ्यांनाच कळलंय. मला डॉक्टरांनी ताण घेऊ नका म्हणून बजावलंय."

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "मी तुमच्या शेजारी बसते."

"नोरीन, माझी तब्येत—"

"दम लागला तर मी पाणी देईन."

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. आई मुकादमांकडे कशी बघत असेल, ते मला पहिल्यांदाच आतून कळलं.

शेवटी तो उठला. लिफ्टने दोघं खाली गेलो. पोरगा पट्टी बांधून घेत होता. ग्लेन त्याच्यासमोर बसला, खाकरला, माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची थोडी मागे घेतली आणि गप्प बसले. मग त्याला बोलावंच लागलं.